लाकडी घोड्यांवरचा कर

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मेरीलँड राज्यात ओशन सिटी नावाचे एक गाव आहे. नावात 'सिटी' असली तरी कायमची वस्ती सात हजारांच्या आसपास. एका बाजूला अटलांटिक महासागर, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मध्ये वाळूची चिंचोळी लांबलचक पट्टी. कोकणातल्या आमच्या वाचकांना अशी जागा डोळ्यांपुढे आणायला वेळ लागणार नाही. हिवाळ्यात हे गाव जवळजवळ झोपलेले असते. उन्हाळ्यात मात्र सुट्टीच्या दिवशी तिथे तीन लाखांच्या घरात माणसे जमतात. बाल्टिमोर आणि वॉशिंग्टन या शहरांतली कुटुंबे मुलाबाळांसह येतात, समुद्रात डुंबतात आणि संध्याकाळी किनाऱ्याला समांतर असलेल्या फळ्यांच्या रस्त्यावर फिरतात. हा रस्ता तीन मैलांच्या आसपास लांब आहे. तो दक्षिणेला जिथे संपतो तिथे, समुद्र आणि खाडी एकमेकांना मिळतात त्या तोंडाशी, आकाशपाळणे, चक्र्या आणि लाकडी घोड्यांचा एक जुना गोल आहे. त्याचे नाव ट्रिम्पर्स राइड्स.

या जागेच्या नावाशी १८९३ हे साल जोडले जाते. डॅनियल ट्रिम्पर आणि त्यांची पत्नी मार्गारेट हे बाल्टिमोरहून इथे आले आणि त्यांनी हॉटेल, नाटकगृह आणि करमणुकीचा व्यवसाय सुरू केला. पुढे मुलगे, नातू, पणतू याच धंद्यात राहिले. १९१२ साली त्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या हर्शेल-स्पिलमन या कारखान्यातून एक मोठा फिरता गोल आणला. आपण मेरी-गो-राउंड म्हणतो तोच. त्यावर घोडे तर आहेतच, शिवाय इतर प्राणीही आहेत आणि सगळे लाकडात हाताने कोरलेले. अमेरिकेत सर्वांत जास्त काळ एकाच ठिकाणी फिरत राहिलेल्या गोलांमध्ये त्याची गणना होते. १९३३ च्या ऑगस्टमधल्या वादळाने गावाच्या दक्षिणेला जमीन फोडून समुद्राला खाडीपर्यंत वाट करून दिली. तेच आजचे तोंड. १९६२ च्या मार्चमध्ये आलेल्या वादळाने तर अर्धे गाव वाळूत आणि पाण्यात लोटले. गोल दोन्हींतून वाचला. १९६४ मध्ये तिथे भुताचे घरही आले. मुले किंचाळत आत जातात आणि हसत बाहेर येतात. या धंद्याचे रहस्य एवढेच आहे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. या पार्कला फाटक नाही. आत जायला तिकीट नाही. ज्याला पाळण्यात बसायचे त्याने पैसे द्यायचे, ज्याला नुसते नातवंडाला हात करत बाकावर बसायचे त्याने बसायचे. पाच जणांच्या कुटुंबाने दोघांनाच बसवले तरी कोणी हटकत नाही. मोठमोठ्या थीम पार्कांत दाराशीच घरातल्या प्रत्येक डोक्याचे पैसे मोजून घेतात, त्यापेक्षा ही रीत आम्हाला जास्त जवळची वाटते. आपल्याकडच्या उरुसाची आणि जत्रेची रीत हीच. माहीमला मखदूम अली माहिमी यांच्या दर्ग्याचा मेळा डिसेंबरात भरतो, तेव्हा समुद्राच्या बाजूला मोठाले पाळणे उभे राहतात. तिथे हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळी मुले रांगेत असतात आणि आया, खाला, मावश्या खाली उभ्या राहून चपला सांभाळतात.

खेळण्याला आणि मौजेला आपल्या दीनमध्ये जागा नाही असे समजणारेही काही जण असतात, म्हणून एक आठवण इथे देतो. सुनन अबू दाऊदमध्ये हजरत आयेशा (रजि.) यांच्या बाहुल्यांची हकिकत आहे. त्या बाहुल्यांमध्ये कापडाचे दोन पंख असलेला एक घोडा होता. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी विचारले, हे काय? घोडा, त्या म्हणाल्या. घोड्याला पंख? त्यावर त्यांनी उलट विचारले की हजरत सुलैमान (अ.स.) यांच्या घोड्यांना पंख होते हे आपण ऐकले नाही का? प्रेषित (सल्ल.) हे ऐकून मनमोकळे हसले. खेळण्यातला घोडा मुस्लिम घराला परका नाही, एवढेच यातून घ्यावे.

जमीन वर चढली, घोडे तिथेच

आता मूळ विषयाकडे येतो. शंभर वर्षांहून अधिक काळ वादळे, मंदी आणि दोन महायुद्धे पचवलेल्या या पार्कपुढे २००७-०८ च्या सुमारास जे संकट उभे राहिले, ते समुद्रातून आले नव्हते. ते टपालाने आले. सरकारने जमिनीचे नव्याने मूल्यांकन केले आणि ते एकदम मोठी उडी घेऊन वर गेले. मूल्यांकन वाढले म्हणजे मालमत्ता कर वाढला. असाच कर येत राहिला तर आम्हाला पाळणे चालवत राहणे परवडणार नाही, असे ट्रिम्पर कुटुंबाने उघडपणे सांगितले. त्यावेळचे घरातले ज्येष्ठ ग्रॅनव्हिल ट्रिम्पर हे गावच्या नगर परिषदेत अनेक वर्षे काम केलेले गृहस्थ. कर का लागतो आणि त्यातून काय चालते, हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

मूल्य एवढे का वाढले? ओशन सिटीत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून समुद्राकाठी उंच इमारतींची रांग उभी राहू लागली. फ्लॅट विकत घ्यायचा, उन्हाळ्यात आठ दिवस राहायचे, बाकीचे दिवस भाड्याने द्यायचा, असा तो धंदा. २००० नंतर साऱ्या अमेरिकेत घरांच्या किमती भडकल्या, तशा इथेही भडकल्या. बिल्डर समुद्रासमोरच्या प्रत्येक तुकड्यासाठी वाटेल तो भाव द्यायला तयार होते. ट्रिम्पर कुटुंबाची जागा तर पार टोकाची, समुद्र आणि खाडी दोन्ही दिसणारी. तिथे टॉवर उभा राहिला तर काय भाव येईल, हा हिशेब कुणीही करू शकतो.

तोच हिशेब मूल्यांकन करणाऱ्या अधिकाऱ्याने केला. त्यात लबाडी काही नाही. अमेरिकेत, आणि जगात इतरत्रही, मूल्यांकनाचे एक ठरलेले तत्त्व आहे : जमिनीचा कायद्याने शक्य असलेला सर्वांत फायदेशीर उपयोग कोणता ते पाहायचे आणि त्या उपयोगासाठी घेणारा जो भाव देईल तो तिचा भाव धरायचा. आज त्या जमिनीवर काय चालले आहे हे दुय्यम ठरते. तुम्ही तिथे पाळणा फिरवता, की शेवग्याच्या शेंगा लावता, की नमाजानंतर चटई टाकून पडता, याच्याशी त्या भावाचा संबंध नाही.

हे आकड्यांत पाहू. खालील हिशेब फक्त समजण्यासाठी आहे, तो ट्रिम्पर यांचा नाही. समजा, आपल्याच किनाऱ्यावर एका कुटुंबाची वीस गुंठे जमीन आहे. तिच्यावर त्यांची खानावळ आणि मुलांसाठी दोन-चार झोपाळे आहेत. सगळा खर्च वजा जाता वर्षाला सहा लाख रुपये हातात राहतात. जमिनीचा भाव गुंठ्याला चार लाख, म्हणजे एकूण ऐंशी लाख. कर एक टक्का धरला तर ऐंशी हजार. घर चालते. मग शेजारचा तुकडा एका रिसॉर्टवाल्याने गुंठ्याला वीस लाखांनी घेतला. आता या कुटुंबाची जमीन कागदावर चार कोटींची झाली आणि कर झाला चार लाख. खानावळीत एक ताट जास्त विकले गेले नाही. झोपाळ्यावर एक मूल जास्त बसले नाही. कराचा दरही बदललेला नाही, एक टक्काच आहे. तरी सहा लाखांतले चार लाख गेले.

दर बदललेला नाही, हे शब्द नीट ऐकावेत. मालमत्ता कराच्या वादात सत्तेवर असलेले लोक हे वाक्य फार वापरतात आणि ते खोटेही नसते. मूल्य वाढले की दर तोच ठेवूनसुद्धा तिजोरी भरते. मेरीलँडमध्ये यासाठी एक चांगला नियम आहे. मूल्यवाढीमुळे आपोआप जास्त उत्पन्न मिळणार असेल आणि स्थानिक संस्था दर तेवढा खाली आणणार नसेल, तर तिला तशी जाहीर सूचना देऊन लोकांपुढे सुनावणी घ्यावी लागते. म्हणजे वाढ ही वाढ म्हणूनच मांडावी लागते. आपल्याकडेही असा नियम असता तर पुष्कळ भांडणे वाचली असती असे आम्हाला वाटते.

घरात राहणाऱ्यांना त्या राज्यात आणखी एक आधार आहे. जो माणूस स्वतःच्या घरात राहतो, त्याच्या करपात्र मूल्यात एका वर्षात किती वाढ धरायची यावर मर्यादा आहे. राज्याची मर्यादा दहा टक्क्यांची, आणि स्थानिक संस्था ती आणखी खाली आणू शकतात. पण ही सवलत राहत्या घराला आहे, धंद्याच्या जागेला नाही. पाळण्यांची जागा ही धंद्याची जागा.

आता धंद्याची बाजू पाहा. अशा पार्कची खरी कमाई मे महिन्याच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे शंभर दिवसांची. त्यातले पावसाचे दिवस वजा. एखादे वादळ ऑगस्टमध्ये आले तर आठवडा गेला. उरलेले वर्षभर रंगकाम, वंगण, यंत्रांची तपासणी, विमा आणि खाऱ्या हवेने खाल्लेले लोखंड बदलणे सुरू असते. शंभर वर्षांच्या लाकडी घोड्याचा पाय मोडला तर तो बाजारात मिळत नाही, कोरून घ्यावा लागतो. आणि तिकिटाचा भाव दुप्पट केला तर? तर तीन मुलांची आई दोनदा विचार करते आणि मुलांना वाळूत खेळायला घेऊन जाते. विकणारा भाव वाढवू शकत नाही आणि जमिनीचा भाव थांबत नाही, या कात्रीत पार्क सापडले.

झेपेल एवढे

सहीह बुखारीत हजरत उमर (रजि.) यांच्या अखेरच्या दिवसांची एक हकिकत आहे. त्यांच्यावर हल्ला होण्याच्या थोडेच दिवस आधी ते हजरत हुजैफा बिन यमान आणि हजरत उस्मान बिन हुनैफ (रजि.) यांच्यापाशी थांबले. या दोघांकडे इराकच्या जमिनीची मोजणी आणि तिच्यावरची आकारणी सोपवलेली होती. खलिफांनी किती वसुली झाली ते विचारले नाही. त्यांनी विचारले की जमिनीला झेपणार नाही एवढा बोजा तर तुम्ही तिच्यावर टाकला नाही ना? दोघांनी सांगितले, झेपेल एवढाच टाकला आहे. त्यावर ते पुन्हा म्हणाले, बघा बरे, झेपणार नाही एवढा टाकला नाही ना. त्या काळच्या एका मोठ्या राज्याचा प्रमुख एकच प्रश्न दोनदा विचारतो. कराच्या बाबतीत यापेक्षा नेमका प्रश्न आम्हाला माहीत नाही.

पुढे दीडशे वर्षांनी खलिफा हारून रशीद यांच्या काळात इमाम अबू युसूफ (रह.) यांनी 'किताबुल खराज' लिहिली. इमाम अबू हनीफा यांचे हे शिष्य राज्याचे मुख्य काझी होते. जमिनीच्या क्षेत्रफळावर ठराविक रक्कम घ्यायची की पिकाचा ठराविक हिस्सा घ्यायचा, हा तेव्हाचा मोठा वाद. त्यांनी हिश्श्याच्या बाजूने मत दिले. कारण साधे आहे. ठराविक रक्कम पीक आले काय आणि न आले काय, सारखीच राहते. हिस्सा पिकाबरोबर वरखाली होतो. शेतकरी टिकला तर पुढच्या वर्षी खजिन्यालाही मिळेल. आजच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी कमाईकडे पाहून कर घ्यायला सांगितले.

जकातीच्या नियमांतही हाच विचार दिसतो. जकात ही इबादत आहे, नगरपालिकेचा कर नव्हे, त्यामुळे दोन्ही एका तराजूत घालता येणार नाहीत. तरी एक फरक लक्षात घेण्यासारखा आहे. राहते घर, दुकानाची इमारत, सुताराची अवजारे, मच्छीमाराची होडी यांच्या किमतीवर जकात नाही. त्यांतून जी कमाई शिल्लक राहते तिच्यावर आहे. पण हीच जमीन कोणी विकून नफा कमावण्याच्या नियतीने घेतली असेल, तर ती व्यापाराचा माल ठरते आणि तिच्या चालू बाजारभावावर जकात निघते. म्हणजे तुकडा तोच, शेजार तोच. वापरण्यासाठी ठेवलेली जमीन वेगळी आणि विकण्यासाठी ठेवलेली वेगळी. ओशन सिटीत जे झाले ते असे, की चार पिढ्या वापरण्यासाठी ठेवलेली जमीन विकायला काढल्यासारखी मोजली गेली. लाकडी घोडा ही त्या घराची अवजारे आहेत.

हे मेरीलँडच्या लोकांना सुचत नव्हते असे मात्र नाही. नवलाची गोष्ट म्हणजे शेतजमिनीच्या बाबतीत अमेरिकेत सर्वांत आधी हे त्याच राज्याने केले. १९५६ साली मेरीलँडने कायदा केला की शेती चालू असलेल्या जमिनीचे मूल्य शेती म्हणूनच धरायचे, तिथे उद्या बंगले उभे राहतील म्हणून नव्हे. वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर ही शहरे पसरत चालली होती, शेतकऱ्यांना कर भरण्यासाठी शेत विकावे लागत होते, म्हणून हा उपाय निघाला. पुढे एकेक करत देशातल्या सर्व राज्यांनी या ना त्या स्वरूपात तो उचलला. शेत मोडून बिल्डरला दिले तर मेरीलँडमध्ये हस्तांतराच्या वेळी वेगळा कर द्यावा लागतो. गोल्फ क्लबांनाही त्या राज्यात सोय आहे : सरकारशी काही वर्षांचा करार करायचा, मैदान मैदानच ठेवायचे, मग मूल्य मैदानाचेच धरले जाते आणि करार मोडला तर मागची बाकी द्यावी लागते. श्रीमंतांच्या गोल्फला जी सोय कायद्यात मिळते, ती मुलांच्या पाळण्यांसाठी मागावी लागते, हे आम्हाला खटकले.

दुसरी बाजू

यावर गावकरी काय म्हणतील, तेही ऐकायला हवे. ते म्हणतील, ज्यांच्याकडे एवढ्या मोलाची जमीन आहे त्यांना गरीब कसे म्हणायचे? उद्या ते विकून मोकळे झाले तर सगळा फायदा त्यांचा. हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. ओशन सिटीचा किनारा आपोआप टिकलेला नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे सरकारी खर्चाने समुद्रातून वाळू उपसून किनाऱ्यावर टाकतात आणि काही वर्षांनी पुन्हा टाकतात, नाहीतर लाटा रस्त्यापर्यंत येतील. उन्हाळ्यातल्या गर्दीसाठी पोलीस, जीवरक्षक, सफाई कामगार, पाणी आणि गटारे लागतात. जमिनीला जो भाव आला त्यात सार्वजनिक पैशाचा वाटा आहे. मग त्यातले काही परत मागितले तर चूक काय? आणि एकाचा कर माफ केला तर तो बोजा दुसऱ्याच्या माथी जातो. कदाचित त्या दुसऱ्याची कमाई हॉटेलात चादरी बदलून होत असेल.

म्हणूनच आमचे मत सरसकट माफीच्या बाजूने नाही. शेताला आणि गोल्फला जे तत्त्व लावले तेच इथे लावावे. पार्क चालू आहे तोवर पार्क म्हणून कर घ्यावा. ज्या दिवशी टॉवरसाठी विकले जाईल, त्या दिवशी भाव हातात पडलेला असेल, तेव्हा मागची बाकी वसूल करावी. पैसे प्रत्यक्ष आले तेव्हा मागणे यात कुणावर जुलूम नाही. आलेलेच नाहीत तेव्हा मागितले तर माणूस ते आणण्यासाठी तीच वस्तू विकतो, जिच्यामुळे गावाला नाव मिळाले.

असे विकले जाणे ही नुसती भीती नव्हती. त्याच वर्षांत अमेरिकेच्या किनाऱ्यावरची जुनी पार्के एकामागून एक बंद पडत होती. फ्लोरिडात पनामा सिटी बीचवरचे मिरॅकल स्ट्रिप १९६३ पासून चालू होते, ते २००४ मध्ये बंद झाले. दक्षिण कॅरोलायनातल्या मर्टल बीचचे पॅव्हिलियन पार्क २००६ मध्ये गेले. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरचे अ‍ॅस्ट्रोलँड हे एका कुटुंबाने १९६२ मध्ये उभे केलेले पार्क. त्याखालची जमीन एका बिल्डर कंपनीकडे गेली आणि २००८ च्या हंगामानंतर ते संपले. प्रत्येकाची कारणे वेगळी होती, सगळीकडे करच आडवा आला असे नाही. पण प्रत्येक ठिकाणी पाळण्यांपेक्षा पाळण्यांखालची जमीन जास्त बोलत होती. अगदी अलीकडे, २०२४ च्या ऑक्टोबरात, न्यू जर्सीतल्या दुसऱ्या एका ओशन सिटीतले गिलियन कुटुंबाचे वंडरलँड पिअर हे पार्कही बंद झाले. (दोन्ही गावांची नावे एकच आहेत, वाचकांनी घोटाळा करून घेऊ नये.)

कोनी आयलंडवरच उलटे उदाहरणही आहे. तिथला १९२० चा वंडर व्हील हा पाळणा १९८३ मध्ये ग्रीसहून आलेल्या डेनोस व्हूर्डेरिस यांनी विकत घेतला. १९८९ मध्ये न्यूयॉर्क शहराने त्याला वारसा म्हणून संरक्षण दिले आणि त्यांचे कुटुंब तो आजही चालवते.

कुटुंबाचा धंदा म्हटला की आणखी एक बाजू येते आणि ती आपल्या घरांत सगळ्यांना ओळखीची आहे. पहिल्या पिढीत मालक एक असतो. चौथ्या-पाचव्या पिढीत वारस वीस-पंचवीस होतात. त्यांतले चार रोज सकाळी यंत्राला तेल घालतात. बाकीचे दूरच्या शहरांत नोकऱ्या करतात आणि त्यांना वर्षाकाठी हिश्श्याचे थोडे पैसे मिळतात. जमिनीचा भाव कमी असतो तोवर कोणी काही बोलत नाही. भाव वाढला की प्रत्येकाच्या मनात आपल्या हिश्श्याची किंमत येते. त्यात कराची रक्कम दरवर्षी वाढत गेली आणि हिश्श्याचे पैसे आटत गेले, तर 'विकून टाकू' म्हणणाऱ्यांची संख्या वाढते, आणि त्यांनाही दोष देता येत नाही, कारण त्यांचा हक्क खरा आहे. आपल्याकडे आजोबांच्या नावावरची आंब्याची बाग, चाळ किंवा पेठेतले दुकान अशाच रीतीने गेलेले किती तरी जणांनी पाहिले आहे. आपल्या पूर्वजांनी यावर वक्फ-अलल-औलादचा मार्ग काढला होता : मिळकत अल्लाहच्या नावे करायची, ती विकायची नाही, उत्पन्न वंशजांना आणि शेवटी गरिबांना. इंग्रजांच्या काळात प्रिव्ही कौन्सिलने असे वक्फ अमान्य केले, तेव्हा मुस्लिमांनी प्रयत्न करून १९१३ चा कायदा आणवला आणि ते पुन्हा वैध करून घेतले. पण वक्फ असो वा खासगी, नगरपालिकेचे बिल आले की ते भरावेच लागते.

हा प्रश्न सातासमुद्रापलीकडचा म्हणून बाजूला ठेवण्यासारखा नाही. मुंबईत पूर्वी घरपट्टी अपेक्षित भाड्यावर ठरत असे. १ एप्रिल २०१० पासून ती भांडवली मूल्यावर, म्हणजे बाजारभावाशी जोडून, आकारली जाऊ लागली. त्यासाठी महापालिकेने जे नियम केले त्यांत जमिनीवर पुढे किती बांधकाम होऊ शकेल, हेही धरले होते. मालकांच्या संघटना कोर्टात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते नियम रद्द केले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. जमीन आज जशी आहे तसे तिचे मूल्य धरावे, उद्या तिथे काय उभे राहू शकेल त्यावरून नव्हे, असा त्याचा आशय आहे. ओशन सिटीतल्या पार्कवाल्यांनी जे म्हटले असते तेच आपल्या कोर्टाने म्हटले. आमच्या वाचकांपैकी ज्यांची बैठी घरे, गोदामे, मोकळे वाडे मुंबईत आहेत, त्यांनी आपले बिल या निकालाच्या उजेडात एकदा जाणत्या माणसाला दाखवावे. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांना मुंबईत २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, पण घरालाच. खालच्या दुकानाला नाही.

आपल्याकडच्या पाळणेवाल्यांना मात्र ना ही भीती, ना हा आधार. त्यांच्या मालकीची जमीनच नसते. एका उरुसाहून दुसऱ्या जत्रेला ट्रकांतून लोखंड हलवत ती कुटुंबे फिरतात. जमिनीचा भाव वाढला की त्यांना बिल येत नाही. ते ज्या मोकळ्या मैदानावर उभे राहत असत, ते मैदानच पुढच्या वर्षी पत्र्याने बंद झालेले असते.

ट्रिम्पर्स राइड्स २००८ मध्ये बंद पडले नाही. त्याच सुमारास अमेरिकेतला घरांचा फुगा फुटला, किमती खाली आल्या, बिल्डरांची घाई ओसरली. फुग्याने जे वर नेले होते ते फुग्यानेच खाली आणले. त्यात धोरणाचे श्रेय किती, हे प्रत्येकाने ठरवावे. लाकडी घोड्यांच्या गोलाला २०१२ मध्ये शंभर वर्षे पूर्ण झाली आणि तो त्यानंतरही फिरत राहिला. मधल्या काळात समुद्राकाठच्या जमिनीचे भाव पुन्हा वर गेले आहेत. मेरीलँडमध्ये प्रत्येक मालमत्तेचे मूल्यांकन तीन वर्षांतून एकदा होते, आणि वाढ झाली असेल तर ती तीन वर्षांत वाटून लावतात. त्याच्या नोटिसा डिसेंबरच्या अखेरीस टपालात पडतात. तेव्हा तिथे कडाक्याची थंडी असते आणि हंगाम संपलेला असतो. नोटीस मान्य नसेल तर मालकाला अपील करायला पंचेचाळीस दिवस मिळतात.